आधी बुढीचा घास

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते कुत्रीला जेवू घालण्याचं. सकाळची वेळ होती. ऊन ओसरीतल्या बाजेपर्यंत आलं होतं. मी ज्वारीची भाकर दुधात कुस्करली, बोटांनी पार मऊ केली आणि जर्मनचं ताट घेऊन बुढीजवळ बसलो. बुढी म्हणजे माझी बायको. आमच्या वऱ्हाडात बायको उतारवयाला लागली की तिला बुढी म्हणतात, त्यात तिला राग येत नाही. ती उशीला टेकून अर्धवट बसली होती. दुखण्यानं तिची पार काडी झाली होती. मांडीवर कुत्री होती, आणि कुत्री केवढी, तर पिकल्या पपईपेक्षा हलकी.

"घे," मी म्हटलं.

"नाई जात वो."

"एक घास घे. थे पाहून राहिली."

कुत्री खरंच पाहत होती. ताटाकडे नाही, बुढीच्या तोंडाकडे. बुढीनं घास तोंडात घेतला, खूप वेळ घोळवला आणि डोळे मिटून गिळला. गळ्याची शीर हलली. तेव्हा कुठं कुत्रीनं मान खाली घातली आणि आपल्या वाटीतलं खाऊ लागली. बुढीनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. वाटी रिकामी झाली तशी ती मागं टेकली.

"जेवली माय," म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमी बी खाऊन घ्या. वांग्याले पानी द्याचं हाये."

दुपारी ती गेली.

मी चार बुकं शिकलेला माणूस. माती उकरण्यात जन्म गेला, लिहिण्याची सवय नाही. पण ही गोठ माझ्या पोटात आहे तोवर मला चैन नाही. लोक म्हणतात, बायको गेल्याचं दुःख सांगायचं सोडून म्हातारा कुत्रीचं काय घेऊन बसला. कुत्रीला बाजूला काढून बुढीचं सांगताच येत नाही. ज्यानं त्या दोघींना पाहिलं त्याला हे कळेल.

स्वराज्य मिळालं तरी अकोल्यात काही वर्षं कापसाच्या धंद्यातले गोरे साहेब राहत होते. अशाच एका साहेबाच्या बंगल्यावर मी माळी होतो. बुढी तिथं अंगण झाडायची, भाजीचे वाफे खुरपायची. तेव्हा ती बुढी नव्हती, चांगली धडधाकट बाई होती. एके दिवशी मेमसाहेब बाहेरगावाहून आली आणि तिच्या हातातल्या टोपलीतून दोन कान वर आले. कान मोठे, उभे, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे. त्यांतून उजेड आरपार दिसायचा. कानांखाली कवठासारखं गोल डोकं आणि भिजवलेल्या बिब्ब्यासारखे काळे डोळे. पाय म्हणाल तर अंबाडीच्या काड्या.

बुढीनं खानसाम्याला विचारलं, "हे पिल्लू मोठं कव्हा होईन?"

खानसामा म्हणाला, "ये बडीच है. इससे ज्यादा नहीं होती. इसकी जात मेक्सिको की है."

"थे कुठसाक आलं?"

"समंदर के पार."

खानसामा चहात साखर कमी आणि बोलण्यात जास्त घालायचा, म्हणून मी विश्वास ठेवला नाही. पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, कुत्री वीतभरही वाढली नाही. मी जन्मभर झाडं वाढवली. बी टाकलं की वाढतं, नाही वाढलं की मरतं, एवढंच मला माहीत. न वाढता पुरं झालेलं जनावर मी पहिल्यांदा पाहिलं. तिच्यात कमी काहीच नव्हतं. नखं होती, मिशा होत्या, राग होता. देवानं मोठ्या कुत्र्याचं सगळं सामान त्या मुठीएवढ्या जागेत कसं भरलं, हे मला आजही समजलं नाही.

एकदा मेमसाहेबानं बुढीचं बोट धरून कुत्रीच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाली, "इधर हड्डी नई. संभालना." बुढीनं बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखी मागं सरली. मग पुन्हा टेकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवो," मला हाक मारली तिनं, "हिची टाळू भरली नाई! लेकरावानी उडून राहिली!"

मीही बोट न लावता पाहिलं. डोक्याच्या मधोमध जोंधळ्याच्या चार दाण्यांएवढी जागा मऊ होती आणि तिथं कातडीखाली जीव धकधक करत होता. आमच्यात लेकराची टाळू भरायला तेल घालतात. न्हाऊ घालण्याआधी कोमट तेलाचं बोट ठेवून हळूहळू जिरवायचं. दुसऱ्या दिवशी बुढी वाटीत खोबऱ्याचं तेल घेऊन बंगल्यावर. मेमसाहेब हसली, पण तिनं अडवलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी टाळूला तेल. पुढं अमरावतीला बैलांच्या डॉक्टरनं सांगितलं की त्यानं शिकताना अशी जात पुस्तकात वाचली आहे, त्यांची टाळू कधीकधी जन्मभर उघडीच राहते, भरत नाही. बुढी तिथं हो म्हणाली. घरी येऊन तेलाची वाटी घेतली.

"डॉक्टर काय म्हनला?" मी विचारलं.

"म्हनू दे. त्यायनं पुस्तकात पाह्यली. माह्या मांडीवर बसते थे."

पुढं साहेबाचं इथलं काम संपलं आणि सगळे त्यांच्या मुलखात निघाले. कुत्री नेता येत नव्हती. एवढा लांबचा बोटीचा प्रवास तिला झेपायचा नाही, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. मेमसाहेब जाताना कुत्रीला बुढीच्या ओट्यात ठेवून रडली. वेचणीच्या बाया लुगड्याचा पदर पोटाशी खोचून झोळी करतात, त्याला आम्ही ओटा म्हणतो. बुढी भेंडी तोडायची तेव्हा कुत्री आधीपासूनच त्या ओट्यात बसायची, भेंड्यांच्या वर डोकं काढून. मेमसाहेबानं मोडक्या हिंदीत पुन्हापुन्हा बजावलं. भूका नई रखना. थोरा थोरा, दिन में चार दफा. ठंड में कपरा पहनाना. ऊंचे से कूदने नई देना.

मोटर गेली. कुत्री फाटकापाशी जाऊन बसली. दूध ठेवलं, पोळी ठेवली, मटणाचा तुकडा ठेवला. तोंड लावलं नाही. संध्याकाळी बुढी तिथंच मातीत फतकल मारून बसली. आपली भाकर काढली, घास तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा घास गिळला. कुत्रीनं मान वळवून पाहिलं. तिसऱ्या घासाला उठून आली, तोंडाकडे पाहत बसली आणि बुढीच्या तळहातावरचा तुकडा खाल्ला.

त्या दिवसापासून तो कायदाच झाला. आधी बुढीचा घास, मग तिचा. बुढी नुसती तोंड हलवू लागली तर ती फसायची नाही. तिचं लक्ष गळ्याकडे असायचं. घास पोटात उतरला की मग तिचा जीव ताटाकडे वळायचा.

बंगला बंद झाल्यावर आम्ही अमरावतीला आलो. बडनेऱ्याच्या रस्त्याकडे विहिरीचं थोडं वावर ठेक्यानं मिळालं. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, कडेनं झेंडू. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून शेजाऱ्यांचं घर. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली होती. नवरा कचेरीत शिपाई होता आणि बाई तोंडाची अशी फटकळ की बोलली तर धुऱ्यावरची बोरं गळावीत. बुढीचं आणि तिचं पहिल्याच आठवड्यात जमलं.

कुत्रीला पाहून ती म्हणाली, "माय वं! हे कुत्री हाये का शिंक?"

कुत्री तिच्या अंगावर धावून गेली.

"अवं बाप्पा, शिंक चावते बी!"

कुत्रीचा स्वभाव सांगायचा तर असा. ती थरथरायची. थंडीत थरथरायची, रागात थरथरायची, बुढी विहिरीवरून परत आली की आनंदानं थरथरायची. नवखा माणूस म्हणे, भेते बिचारी. ती कोणाला म्हणजे कोणाला भीत नव्हती. एका उन्हाळ्यात वानरांची टोळी वांग्यात उतरली. म्होरक्या वानर माझ्या कमरेएवढा, मी दगड घेतला तरी दात दाखवायचा. ओट्यातून उडी मारून ही सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि भुंकू लागली. आवाज कसला, रिकाम्या डब्यात खडा हलवावा तसा. मी धावलो, वाटलं आता एका थापडीत संपली. वानरानं हातातलं वांगं खाली केलं. मान तिरपी करून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. एवढ्याशा गोष्टीला एवढी हिंमत कुठून आली, हे त्यालाही समजेना. मग वांगं तिथंच टाकून तो उठला आणि गेला, त्याच्या मागं सगळी टोळी गेली. बुढी रडत रडत तिला रागवत होती आणि मी धुऱ्यावर उभा राहून हात जोडले होते. कोणाला जोडले, माहीत नाही.

मला मात्र कुत्रीनं कधी जवळ केलं नाही. जीव लावायची तो एकाच माणसाला. एका बाजेवर आम्ही बसलो की ती मध्ये. मी बुढीकडे सरकलो की गुरगुर सुरू.

"माह्या बायकोजवळ बसू देत नाई हे," मी म्हणे. "घर कोनाचं हाये?"

बुढी म्हणे, "घर तुमचं. मांडी माही. तुमी तिकडंच बसा ना जरा."

तिची नखं मी न्हाव्याकडच्या नराणीनं काढायचो, तेव्हाही बुढीनं धरल्याशिवाय जमायचं नाही, आणि काम संपलं की एकदा चावून घ्यायची. थंडीत ऊन घरात जसं सरकेल तशी ती सरकायची. ऊन भिंतीवर चढलं की बुढीला हाक. बुढीनं जुन्या लुगड्याची घडी घालून तिला लेकरासारखी कुंची शिवली होती, हनुवटीखाली बंद. आमची एकुलती लेक धामणगाव रेल्वेला दिली आहे. ती माहेरी आली की कुंचीकडे पाहून टोमणा मारायची.

"माह्या वक्ताले तं नुसतं फडकं गुंडायलं होतं तू, आई."

"तू भल्ली दांडगी होती. तुले काय झालं त्यानं?"

मेमसाहेबानं सांगितलेलं सगळं आम्ही पाळलं. चुकलो ते एकाच गोष्टीत, आणि तशी चूक आमच्यासारख्यांकडूनच होते.

अमरावतीतल्या पहिल्या भादव्यात हरतालिका आली. सोमवारच्या नाहीतर एकादशीच्या उपासाला बुढी साबुदाणा खायची, तिच्यामागं कुत्रीही काहीतरी खायची. पण हरतालिकेला पाण्याचा थेंब नाही. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून बायका ती धरतात. सकाळपासून बुढी निर्जळी आणि तिच्यामागं कुत्रीही निर्जळी. दूध ठेवलं, तोंड फिरवलं. बुढीला भरून आलं.

"हे बी धरून राहिली माह्यासंगं," म्हणाली.

झालं. वाडीतल्या बाया पाहायला आल्या. वाळूचा महादेव मांडलेला, बेलपत्री, आघाडा, आणि बाजूला कुंची घातलेली एवढीशी कुत्री गप्प बसलेली. एकीनं तिच्यापुढं फूल ठेवलं. दुसरी म्हणाली, मागल्या जन्मीची सवाष्ण असंल. मीही मनात म्हटलं, असंल बाप्पा, हिच्या बाबतीत काय सांगता येते.

धुऱ्यापलीकडची म्हणाली, "मी तं सोडून देल्ले उपास. माह्या वाट्याचा तुमची कुत्री धरून राहिली वाटते. पन नवरा कसा मांगते वं हे? हिच्या मापाचा भेटीन का अमरावतीत?"

बायका हसून हसून लोळल्या.

दिवेलागणीला पूजा सुरू झाली आणि कुत्री आडवी पडली. आधी पाय गेले. उभं राहू गेली की गुळगुळीत फरशीवर पडावी तशी पडायची. मग मान गेली. बुढीनं उचललं तर ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबली. डोळे उघडे, पण त्यांत कोणी नव्हतं. मऊ टाळूवर बोट ठेवून बुढी ओरडली, "अवो, हळू झालं! भल्लं हळू झालं!"

तेव्हा मला मेमसाहेबाचं बोलणं आठवलं. भूका नई रखना. एवढ्याशा शरीरात साठा तो किती. मोठं कुत्रं दोन दिवस काढेल. ही पणती, तेल संपलं की संपली. तिचा उपास नव्हताच. तिनं व्रत धरलं नव्हतं. तिला फक्त बुढीच्या आधी खायचं नव्हतं, आणि बुढीनं खाल्लं नव्हतं.

धुऱ्यापलीकडची आपल्या घरातून गूळ घेऊन पळत आली. पाण्यात कालवून तिच्या हिरड्यांना चोळला. थोड्या वेळानं एक कान हलला. डोळ्यांत कोणीतरी परत आलं. दुधात भाकर कुस्करून तोंडाशी नेली, तर त्या मरतुकड्या जिवानं मान फिरवली आणि बुढीच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू खाय," धुऱ्यापलीकडची म्हणाली. "तू खाल्ल्याबिगर थे खात नाई."

"आज कशी खाऊ वं? ह्यायच्या आयुष्याचा उपास हाये!"

"तं मंग इचार त्यायले. थे बसले ना समोर!"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या आयुष्याचा सवाल होता आणि मी तिथं विडी विझवून बसलेला. बुढीनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

"खाय," मी म्हटलं. "मी पाहून घेईन माहं."

बुढीनं वाळूच्या महादेवाला हात जोडले. म्हणाली, "देवा, हे मुकं हाये. तुमीच समजून घ्या." आणि पूजा अर्धी असताना, सगळ्यांसमोर, तो गूळ आणि भाकर तोंडात घातली आणि गिळली. गूळ कोणाच्या घरचा हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. कुत्रीनं पाहिलं. आणि खाल्लं.

त्यानंतर बुढीनं हरतालिकेला पूजा केली, पण उपास कधी धरला नाही. इतरही उपास सोडले. बायका मागून बोलायच्या, हिला नवऱ्यापेक्षा कुत्री मोठी. बुढीच्या कानावर आलं तर ती म्हणे, "नवरा सोताच्या हातानं खाते. त्याले कोनासाठी थांबाव लागते का? अन् जित्ता हाये ना अजून? दिसून नाई राहिला का, कसा टनक हाये?"

मी टणकच राहिलो. माझ्या आयुष्याचा उपास मोडला, तरी मी मागं राहिलो आणि ती गेली. याचा अर्थ काय लावावा, मला समजत नाही. देवाचा हिशेब चुकला म्हणावं, की उपासानं काही होतच नसतं म्हणावं?

दिवस गेले. कुत्रीच्या तोंडावर पांढरं आलं, पुढचे दात पडले, एका डोळ्यात दुधासारखा सारा, म्हणजे पडदा, उतरला. एक गुडघा निसटायचा, तेव्हा तीन पायांवर उड्या मारत जायची आणि आपोआप बसला की पुन्हा चौथा टेकवायची, जसं काही झालंच नाही. वानरांवर भुंकणं मात्र तेच.

मग बुढीला पोटाचं दुखणं लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, जे खाईल ते द्या. पण ती काहीच खाईना. वास आला की ओकारी. लेक आठ दिवस राहून गेली, हरप्रकारे करून पाहिलं. भात नको, पेज नको. लेक रडली तरी नको, मी रागावलो तरी नको.

कुत्री मांडीवर बसून तोंडाकडे पाहायची.

पहिल्या दिवशी बुढीनं फसवायचा प्रयत्न केला. रिकामं तोंड हलवलं, चावल्यासारखं केलं. कुत्रीचा एक डोळा गेलेला, पण दुसऱ्यानं गळा पाहिला. गळा हलला नव्हता. तिनं वाटीला तोंड लावलं नाही. बुढी मला म्हणाली, "आना. भाकर आना." त्या दिवशी तिनं घास गिळला. घामानं डबडबली, पण खाली जाऊ दिला आणि वर येऊ दिला नाही. कुत्री जेवली. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. चार दफा.

मी हे रोज पाहिलं. मी ताट धरणारा होतो, म्हणून माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कोणी पाहिलं नाही. नवऱ्याच्या शब्दानं जे झालं नाही, लेकीच्या रडण्यानं झालं नाही, ते त्या शिंकेएवढ्या जनावराच्या नुसत्या पाहण्यानं होत होतं. बुढी तिला जगवत होती की ती बुढीला, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं त्यापेक्षा बुढी कितीतरी जास्त राहिली. वांग्याचा एक बहर संपून दुसरा लागला. ते सगळे दिवस मला कुत्रीनं दिले, असं मी मानतो. कोणाला हसायचं तर हसा.

त्या दुपारी मी वांग्याला पाणी देऊन आलो. पाय धुतले. ओसरीत गेलो तर बुढी डोळे मिटून पडलेली आणि कुत्री तिच्या कुशीत. मी बाजेजवळ गेलो, अगदी जवळ गेलो, आणि कुत्री गुरगुरली नाही.

तेव्हाच मला समजलं. बुढीच्या अंगाला हात मी नंतर लावला.

लेकीला निरोप गेला, ती आली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. परत आल्यावर मी कडुनिंबाचा पाला चावला आणि ओसरीत बसलो. मयताच्या दिवशी आमच्यात चूल पेटत नाही. शेजारच्या घरून भाकरी आणि बेसन येतं, त्याला कडू घास म्हणतात. तो सुतकातल्या माणसानं खायचाच असतो. धुऱ्यापलीकडची घेऊन आली. मी घास तोंडात घेतला आणि तिची पाठ फिरल्यावर अंगणात जाऊन थुंकला. अन्न मातीसारखं लागत होतं. माती मी जन्मभर हाताळली, पण खाल्ली नव्हती.

कुत्री बाजेवर, बुढीच्या उशीच्या खळग्यात. लेकीनं दूध दिलं, गूळ दिला, बोटानं हिरड्यांना चोळला. तो तिनं जिभेनं बाहेर ढकलला.

"हिच्या पोटात सकायपासून काई नाई," धुऱ्यापलीकडची म्हणाली. "हरतालिकेची गोठ आठोते ना भाऊ? तव्हा जवान होती थे. आता नाई निघनार."

"मी काय करू?" मी म्हटलं.

"बाबा, तुमी बी नाई खाल्लं," लेक म्हणाली.

"मले भूक नाई."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि कुत्रीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन बाजेपर्यंत आलं. कुत्री उन्हात सरकली नाही. ती थरथरतही नव्हती. थरथर हाच तिचा जीव, हे मला माहीत होतं. मी तिच्याजवळ गेलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या टाळूवर बोट ठेवलं. बुढीच्या तेलानं ती जागा अजून मऊ होती. खाली धकधक होती, पण हळू, विहिरीच्या तळाशी कोणी थेंब टाकावा तशी. तिनं मला चावलं नाही.

आदल्या दिवशीची भाकर होती. धुऱ्यापलीकडचीनं दूध पाठवलं होतं. मी भाकर कुस्करली, बोटांनी पार मऊ केली. जर्मनचं ताट घेतलं आणि बाजेवर बुढीच्या जागी जाऊन बसलो. कुत्रीला उचलून मांडीवर घेतलं. तिची वाटी ताटाशेजारी ठेवली. लेक दारात उभी होती.

मी घास तोंडात घातला. कुत्रीनं मान वर केली. एका डोळ्यानं माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी चावलं. घास खाली जाईना. मी नुसतंच चावत राहिलो, तोंड हलवत राहिलो. तिनं माझा गळा पाहिला आणि मान पुन्हा खाली टाकली, वाटीच्या उलट्या बाजूला.

मी डोळे मिटले, बुढी मिटायची तसे. आणि गिळला.

डोळे उघडले तर ती माझ्याकडेच पाहत होती. मग वाटीकडे वळली. जीभ बाहेर आली, दुधाला लागली. एकदा, पुन्हा एकदा. तिचे कान थरथरायला लागले. थोडं खाल्लं आणि थांबली, आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहत बसली.

मी दुसरा घास घेतला.